लिस्बनचं कार्मो, छपराविना

कोकणातलं माणूस घर बघायला गेलं की आधी वर बघतं. भिंती, खिडक्या, अंगण सगळं नंतर. कौलं कधी चाळलीत, वासे किडलेत का, कुठे गळतंय, एवढं कळलं की घराची निम्मी पत्रिका कळते. मी बांद्याची. पंचवीस वर्षं पुण्यात स्लॅबखाली राहूनही ही खोड गेलेली नाही. त्यामुळे लिस्बनच्या रोसियो चौकात मान वर केली आणि टेकडीच्या कडेला, घरांच्या डोक्यावर, नुसत्या कमानींची ओळ आभाळाला टेकलेली दिसली, तेव्हा तोंडून आपोआप निघालं, "ह्याचां छप्पर खंय गेलां?"

नवरा शेजारी होता. तो नागपूरचा. म्हणाला, "भूकंपात गेलं असेल, तू चल." अर्धं उत्तर बरोबर होतं. उरलेलं अर्धं समजायला मला दोन दिवस लागले.

मे महिन्याचा शेवट होता. त्याची परिषद तीन दिवसांची, मला मोकळीक. यादी मी पुण्यातूनच करून नेली होती आणि तिच्यात पहिलं नाव कार्मो. पूर्ण नाव कार्मोच्या माऊलीचा मठ, कार्मेलाइट पंथाचा, स्थापना १३८९. युरोपातली बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, म्हणून मी हुशारीने रविवार निवडला. कार्मो नेमकं रविवारी बंद असतं. ही माहिती सगळीकडे लिहिलेली होती. मी वाचली नव्हती.

पण त्या चुकीमुळे चौक निवांत बघता आला. वर जायला सांता जुस्ताची उभी लिफ्ट आहे, १९०२ मध्ये सुरू झालेली, लोखंडी जाळीकामाची, पंचेचाळीस मीटर उंच. तिच्या वरच्या टोकापासून एक पूल थेट कार्मोच्या मागच्या बाजूला जातो. रांग बघून आम्ही चढ चढत गेलो. लिस्बनचे पदपथ म्हणजे काळ्या-पांढऱ्या चुनखडीचे लहान लहान चौकोनी दगड, लाखो पावलांनी घासून साबणासारखे झालेले. (साबण हा शब्द याच लोकांकडून आपल्याकडे आला असंही म्हणतात, तेव्हा उपमा त्यांचीच त्यांना परत.) चपला घालून त्या उतारावर चालायचं धाडस करू नका. मी केलं, आणि एका आजीबाईंनी दंडाला धरून मला वाचवलं. त्या स्वतः टाचांचे बूट घालून चालत होत्या.

कार्मोचा चौक लहान आहे. मध्ये अठराव्या शतकातलं दगडी कारंजं, भोवती नीलमोहराची झाडं. मेअखेर म्हणजे त्यांचा ऐन बहर. खाली फरशीवर जांभळा सडा, खुर्च्यांवर फुलं, कॉफीच्या कपातसुद्धा एक. एका बाजूला मठाच्या चर्चचा दरवाजा, कमानीत कमान, तिच्या आत आणखी कमान. त्याला लागूनच मठाची जुनी राहती इमारत, आणि तिच्या दारात गणवेषातला पहारेकरी. तिथे आता राष्ट्रीय गार्डचं मुख्यालय आहे. देऊळ पडकं आणि धर्मशाळेत पोलीस, असं काहीतरी. या पहाऱ्याकडे पुन्हा येईन.

सोमवारी दहा वाजता एकटीच परत गेले.

दारातून आत शिरलं की पायऱ्या खाली उतरतात. हे अनपेक्षित होतं. आपण देवळात चढून जातो, इथे उतरायचं. आणि उतरता उतरता समोर सगळं एकदम उघडतं. लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना खांब, खांबांवरून टोकदार कमानी एकीकडून दुसरीकडे गेलेल्या, आणि त्यांच्यावर काही नाही. निळं आभाळ. एखाद्या मोठ्या माशाचा काटा ताटात नीट सोलून ठेवावा तसं. खाली फरशीऐवजी गवत. खांबांच्या पायाशी भिंतीला टेकवून ठेवलेले दगड, थडग्यांची झाकणं, शिलालेख, तुटकी शिल्पं. एक करडी मांजर एका सरदाराच्या थडग्यावर उन्हात आडवी झाली होती. वर कबुतरं. कमानीवरून एक समुद्रपक्षी खाली बघत होता, तिकीट काढून आल्यासारखा.

मी एका खांबाशी बसले आणि पहिला अर्धा तास फक्त वर बघितलं.

ज्याने हे बांधलं तो साधू नव्हता, सेनापती होता. न्यूनो आल्वारेस परेरा. १३८५ च्या ऑगस्टमध्ये अल्जुबारोटाच्या मैदानावर पोर्तुगालच्या छोट्या फौजेने शेजारच्या कॅस्टिल राज्याच्या कितीतरी मोठ्या सैन्याचा पराभव केला. पोर्तुगाल वेगळा देश म्हणून टिकला तो त्या दिवशी. न्यूनो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. नवस फेडायला त्याने हा मठ बांधायला घेतला, तोही टेकडीच्या अगदी तुटत्या कडेवर. पाया खचत राहिला. दगडाने जमत नसेल तर पाया काशाचा घालीन पण बांधीन, असं तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. मराठी माणसाला हा स्वभाव ओळखीचा वाटतो. गडाचा बुरूज उभा राहत नाही म्हणून हट्टाला पेटलेले किल्लेदार आपल्याही गोष्टींमध्ये आहेत, फक्त आपल्या गोष्टी तिथे अंधाराकडे वळतात.

चर्च १४२३ मध्ये पुरं झालं, आणि त्याच साली न्यूनो स्वतः इथे भिक्षू होऊन राहायला आला. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक, सगळं वाटून टाकून. १४३१ मध्ये इथेच गेला. २००९ मध्ये पोपने त्याला संतपद दिलं. त्याची मुलगी बेआत्रिस राजाच्या अनौरस मुलाला दिली होती, आणि त्या जोडप्यापासून ब्रागांझा घराणं सुरू झालं. त्याच घराण्यातली कॅथरीन. १६६१ च्या विवाहकरारात इंग्लंडच्या राजाला आंदण म्हणून मुंबई मिळाली ती तिच्यामुळे. म्हणजे हा जो खांब मी पाठीशी घेऊन बसले होते, तो उभारणाऱ्या माणसाच्या लेकीच्या वंशात मुंबईचं आंदण निघालं. दादरच्या फलाटावर धक्के खाताना यातलं काही आठवत नाही, ते बरंच आहे.

मग १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, शनिवार, सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ. चर्चेस भरलेली, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या. जमीन हलली, छतं खाली आली. लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावले, तर तिथे थोड्या वेळात समुद्र चढून आला. आणि त्या मेणबत्त्यांची, घरातल्या चुलींची आग लागली ती कित्येक दिवस विझली नाही. सण नसता, सकाळ नसती, तर माणसं कमी गेली असती. कार्मोचं छत त्या दिवशी कोसळलं, ग्रंथालयातली सुमारे पाच हजार पुस्तकं गेली, न्यूनोची कबर गेली. पलीकडच्या कठड्यावरून खाली बघितलं की बाइशा भागातले सरळसोट, आखल्यासारखे रस्ते दिसतात. ते भूकंपानंतरचे. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा घातला, आणि तो हादरे सोसतो का हे बघायला नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, असं सांगतात. प्रयोगशाळेची इतकी सोपी कल्पना मला फार आवडली.

इथपर्यंत नवऱ्याचं उत्तर बरोबर. छप्पर भूकंपात गेलं.

पण मी वर बघत बसले होते, आणि काहीतरी खटकत होतं. भूकंपाने पाडलेली इमारत अशी पडत नाही. लातूर-किल्लारीचे फोटो आपण बघितलेत. पडझड वेडीवाकडी असते. इथल्या कमानी मात्र एकसारख्या, ताठ, कडा स्वच्छ. जणू कुणी नुकत्या उभारल्यात आणि सुतारांची वाट बघतायत. आतल्या फलकावर खुलासा होता, तो मी दोनदा वाचला. ज्यांचे फोटो सगळे काढतात ते हे खांब आणि कमानी पुष्कळशा भूकंपानंतरच्या आहेत. १७५६ मध्ये मठाच्या लोकांनी पुन्हा बांधायला घेतलं, तेही जुन्याच धाटणीत, टोकदार कमानींचं, ज्या काळात बाकीचं शहर नव्या पद्धतीने उठत होतं त्या काळात. काम पैशांअभावी रखडत, थांबत चाललं. आणि १८३४ मध्ये थांबलं ते थांबलंच.

म्हणजे मी मोडलेलं बघायला आले होते आणि बघत बसले होते ती अर्ध्यावर सोडलेली डागडुजी. मध्ययुगातलं बांधकाम आहे, पण ते पुढच्या दारात, भिंतींत, आणि वेदीमागच्या गाभाऱ्यासारख्या पाच खोल्यांत. मधला तो प्रसिद्ध सांगाडा नातवांच्या काळातला.

हे कळल्यावर मला तो जास्त आवडू लागला. भग्न अवशेषांसमोर माणूस उगाच गंभीर होतो. अर्धवट राहिलेल्या बांधकामासमोर मात्र आपण घरचे होतो. आमच्या बांद्याच्या घराची माडी एकोणीस वर्षं अशीच होती. चार खांब वर, सळया बाहेर, कपडे वाळत घालायला सोय.

१८३४ हे साल मला ओळखीचं होतं, पण दुसऱ्या बाजूने. आजोळ पेडण्याला. लहानपणी मे महिन्यात मामा आम्हाला जुन्या गोव्याला न्यायचा. तिथे टेकडीवर संत ऑगस्टीनचा तो बुरूज आहे, लाल जांभ्याचा, अर्धा उरलेला, एखाद्याने उभा चिरल्यासारखा. एके काळी सेहेचाळीस मीटर उंच होता, चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं होतं. मामाला विचारलं, हे कुणी पाडलं? मामा म्हणायचा, पावसाने. आम्हाला वाटायचं चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. १८३४ च्या मे महिन्यात लिस्बनच्या उदारमतवादी सरकारने हुकूम काढला: पोर्तुगालच्या राज्यातले सगळे पुरुषांचे धार्मिक मठ बंद, मालमत्ता सरकारजमा. हुकूम काढणाऱ्या मंत्र्याचं नाव आगियार. लोकांनी त्याला टोपणनाव ठेवलं, 'भिक्षूमार'. पुढे या मालमत्तेचे लिलाव झाले. (लिलाव हा शब्दही त्यांचाच.) इकडे कार्मोचं बांधकाम त्या हुकमाने थांबलं. तिकडे तोच हुकूम समुद्रमार्गाने गोव्याला पोचला आणि १८३५ मध्ये ऑगस्टीनचे भिक्षू मठ सोडून गेले. छपराकडे बघणारं कुणी उरलं नाही. १८४२ मध्ये मोठं घुमटाकार छत कोसळलं. मोजलं तर सात पावसाळे. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा बुरूज गेला. त्याची मोठी घंटा त्याच्या कितीतरी आधी आग्वादच्या दीपगृहावर आणि मग पणजीच्या मुख्य चर्चमध्ये गेली. ती मात्र अजून वाजते.

एकच हुकूम, दोन टेकड्या. लिस्बनला वर्षाला आमच्या जेमतेम चवथा हिस्सा पाऊस पडतो, आणि दगड कठीण चुनखडीचा. म्हणून इथे बिनछपराच्या कमानी दोनशे-अडीचशे वर्षं आभाळाखाली उभ्या आहेत आणि मांजर त्यांच्याखाली झोपते. आमच्याकडे जांभा, वर तीन हजार मिलिमीटर पाऊस. जांभ्याला चुन्याचा गिलावा म्हणजे अंगावरचा कपडा. तो निघाला की पाणी आत शिरतं, मग झाड उगवतं, मग मूळ भिंत फाडतं. मामा बरोबर होता. फक्त पावसाला दार उघडून कुणी दिलं ते त्याने सांगितलं नव्हतं.

आणखी एक फरक. एकोणिसाव्या शतकात युरोपात पडक्या वास्तूंचं भलतंच वेड होतं. चांदण्यात जाऊन उसासे टाकायचं. कार्मो पुन्हा छावून घ्यावं असा विचार निघाला तेव्हा या वेडाचाच विजय झाला: असंच राहू द्या, असंच छान दिसतं. १८६४ मध्ये पोसिदोनियो दा सिल्वा या वास्तुविशारदाने आत पुरावस्तू संग्रहालय उघडलं. कारण बंद केलेल्या इतर मठांमधली शिल्पं, थडगी, फरशा रस्त्यावर आल्या होत्या. कुठेतरी ठेवायला हव्या होत्या. म्हणून गवतावर टेकवलेले ते दगड कार्मोचे नाहीतच मुळी. निर्वासित आहेत. एका पडक्या घराने शेजारच्या पडक्या घरांचं सामान सांभाळायला घेतलं आहे.

त्या दगडांत एक खिडकी आहे, दोरखंडासारखं कोरीव काम असलेली, बेलेंच्या प्रसिद्ध जेरोनिमोस मठातून आलेली. खाली पोर्तुगीज पाटी, पहिला शब्द 'जानेला'. मी तिथेच हसले. आजी पेडण्याच्या घरात संध्याकाळ झाली की ओरडायची, "गो, जनेल लाय, मूस येतले!" आजीने आयुष्यात पेडणे तालुका फारसा सोडला नाही. पण लिस्बनमध्ये तिला एक तरी पाटी नक्की वाचता आली असती.

आत, छप्पर असलेल्या मागच्या खोल्यांमध्ये, संग्रहालयाची खास मजा आहे. जुन्या पद्धतीचं, कपाटं भरून. फर्नांदो पहिला या चौदाव्या शतकातल्या राजाची भली मोठी कोरीव शवपेटी, सांतारें गावाच्या मठातून आणलेली. इसवीसनापूर्वीच्या वसाहतींमधली मडकी, दगडी हत्यारं. आणि मग एका काचेच्या पेटीत, अजिबात तयारी नसताना, पेरूमधल्या दोन ममी. गुडघे छातीशी घेऊन बसलेली दोन लहान माणसं, तोंडं उघडी. एक मुलगा, एक मुलगी असं पाटीवर लिहिलं होतं. शेजारी इजिप्तची शवपेटी. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वान मंडळींना जगातलं जे हाताला लागेल ते आणून ठेवायचं होतं, त्यात आपण काय करतोय असा प्रश्न त्यांना पडला नाही. शाळेची एक सहल तिथे आली. सगळी मुलं राजाला ओलांडून ममीपुढे जमली. एक मुलगी मात्र काचेला हात लावून बराच वेळ उभी होती, आणि बाईंनी हाक मारल्यावर तिने जाताना त्या पेटीला हळूच हात हलवला. त्या खोलीतलं एवढंच शहाणपणाचं वागणं.

बाहेर चौकात आले तेव्हा साडेबारा झाले होते. म्हणजे बांद्याला पाच, अण्णांचा चहा.

आता तो पहारेकरी. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालची अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही पडली, ती या दारात. सालाझार तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. गादीवर मार्सेलो कायतानो होता. (आमच्याकडे कायतान म्हणजे सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येणारा पाववाला. त्यामुळे या नावाच्या हुकूमशहाची मला नीट भीती वाटत नाही.) पहाटे सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला आणि कायतानो पळून या कार्मोच्या बराकीत, म्हणजे न्यूनोच्या मठातच, लपला. सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन आलेला कॅप्टन साल्गेरो माया, वय एकोणतीस, या चौकात उभा राहून भोंग्यावरून शरण या म्हणत होता. चौकात माणसांचा पूर. झाडांवर माणसं, कारंज्यावर माणसं. दुपारी त्याच्या सैनिकांनी वरच्या खिडक्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. शेवटी कायतानो म्हणाला, सत्ता देईन पण जनरलला, रस्त्यावर पडू देणार नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास जनरल स्पिनोला आला, सत्ता घेतली, आणि कायतानोला चिलखती गाडीत बसवून नेलं. त्याच सकाळी सेलेश्ते कायरो नावाची उपाहारगृहात काम करणारी बाई घरी परतत होती. मालकाने उपाहारगृहाच्या वाढदिवसासाठी आणलेली कार्नेशनची फुलं, दुकान बंद राहणार म्हणून, कामगारांना वाटून दिली होती. एका सैनिकाने सिगारेट मागितली. तिच्याकडे नव्हती. तिने फूल दिलं. त्याने ते बंदुकीच्या नळीत खोचलं. क्रांतीला नाव पडलं ते त्यावरून. मायाच्या स्मरणार्थ चौकाच्या फरसबंदीतच एक खूण बसवली आहे. लोक तिच्यावरून चालतात. नीलमोहर तिच्यावर पडतो.

मी अण्णांना फोन लावला. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे. १५ ऑगस्ट १९५५ ला ते बारा वर्षांचे होते आणि पत्रादेवीच्या सरहद्दीकडे जाणारे सत्याग्रही त्यांनी बांद्यातून जाताना पाहिले. त्यातले बरेच परत आले नाहीत. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते मान्य केलं नाही. एक-दोन नव्हे, तेरा वर्षं. या चौकात कायतानो शरण गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७४ ला, नवी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेस, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. गोवा, दमण, दीव, दादरा, नगरहवेली भारताची आहेत हे लिस्बनने कागदावर कबूल केलं, आणि समोर सही करायला कऱ्हाडचा माणूस होता.

अण्णांना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी कॅमेरा फिरवून चौक दाखवला.

"कारंजा बरा आसा," ते म्हणाले. "आणि देऊळ? छप्पर घालूक नाय अजून?"

"नाय. घालूचे पण नाय."

"पैसे नाय काय तेंका?"

"तशाच आवडता म्हणतत."

अण्णा थांबले. हे त्यांना पटलेलं नव्हतं. मग विचारलं, "आणि रानड्यांका ठेवलेले ती जागा?"

मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात मराठी शिकवायला गेले आणि गोव्याच्या मुक्तीसाठी हत्यार उचललेल्या आझाद गोमंतक दलात शिरले. १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांना पोर्तुगालला आणून काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला आणि रानडे आतच. इकडे सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत होते. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत, गोवा मुक्त होऊन सात वर्षं उलटल्यावर. आमच्या घरात हे नाव मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की लहानपणी मला ते नातेवाईक वाटायचे.

"ती जागा हयसून लांब, अण्णा. रेल्वेन जावचा लागता."

"मगे जा."

मंगळवारी गेले. काइश दो सोद्रे स्थानकावरून काश्काइशची लोकल, डाव्या हाताला सगळा वेळ नदी, तीच पुढे समुद्र होते. बेलें गेलं, जेरोनिमोसचा पांढरा मठ लांबून दिसला, आणि थोड्या वेळाने काशियास. उतरायचं की नाही हे ठरलं नव्हतं. काठावर एक छोटासा देखणा किल्ला आहे, तो बघून सगळे पर्यटक फोन काढतात. मी नकाशा पाहून ठेवला होता म्हणून फसले नाही. तो वेगळा. तुरुंगाचा किल्ला आत, वर टेकडीकडे आहे, गाडीतून दिसत नाही. १९७४ च्या एप्रिलअखेरीस तिथले सगळे राजकीय कैदी सोडले, पण तुरुंग बंद झाला नाही. आजही चालू आहे. तुरुंग हा शब्दही म्हणे पोर्तुगीजच.

फोन लावलेलाच होता. अण्णा पडद्यावर नाक टेकवून बघत होते.

"ह्यो?"

"ह्यो न्हय. तो वर आसा, हयसून दिसणा नाय."

"पडलो काय?"

"नाय. वापरतत अजून."

"म्हणजे छप्पर आसा."

"आसा."

दारं बंद होण्याची घंटा वाजली. मी काही उतरले नाही.